हिमोसायनिनचा वंशवृक्ष: वेळ जातो तो निवडण्यात

खेकडा, विंचू, कोळी यांच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेतं ते तांब्याचं हिमोसायनिन. ऑक्सिजन धरलेलं असताना निळं, सोडला की रंगहीन. एक उपएकक, म्हणजे प्रथिनाची एक साखळी, साधारण ७५ किलोडाल्टन वजनाचं, अशी सहा जुळून षटक होतं. लिम्युलस या हॉर्सशू क्रॅबमध्ये तर आठ षटकं एकत्र असतात. या प्रथिनाचा वंशवृक्ष काढायचा तर झाड काढणं हे सगळ्यात सोपं काम. माझा वेळ गेला तो त्याआधी.

प्रथिनांच्या सिक्वेन्सच्या, म्हणजे अमिनो आम्लांच्या क्रमांच्या, डेटाबेसमध्ये ‘हिमोसायनिन’ या नावाने शोधू नका. गोगलगाय आणि ऑक्टोपसचं हिमोसायनिनही त्यात येतं, आणि ते वेगळ्याच घराण्यातलं आहे. अलाइनमेंटमध्ये, म्हणजे सगळे सिक्वेन्स एकाखाली एक जुळवून मांडताना, शिरलं तर सगळा विचका होतो. मी पीफॅम या प्रथिन-कुळांच्या संग्रहातल्या पीएफ००३७२ या डोमेनवरून, म्हणजे प्रथिनाच्या एका ठरावीक भागावरून, शोधतो. तांब्याची जागा त्यातच असते. ५०० अमिनो आम्लांहून आखूड तुकडे काढून टाकतो.

मग निवडायला बसायचं, तांदळातले खडे वेचावेत तसं. या कुळात ऑक्सिजन वाहणारे मोजकेच. बाकीचे प्रोफिनॉलऑक्सिडेज हे एन्झाइम, कीटकांची साठवणीची हेक्झामेरिन्स आणि कवचधाऱ्यांची (खेकडे, शेवंडी वगैरे) स्यूडोहिमोसायनिन्स. डेटाबेसवरची लेबलं पुष्कळदा चुकीची असतात, म्हणून तांब्याला धरून ठेवणारे हिस्टिडीन (एक अमिनो आम्ल) स्वतः मोजावेत. पॅन्युलिरस या शेवंडीत ते १९४, १९८, २२४ आणि ३४४, ३४८, ३८४ या जागी आहेत: तीन एका तांब्याला, तीन दुसऱ्याला. सहा भरले नाहीत तर ते प्रथिन ऑक्सिजन वाहत नाही. तरी ते फेकू नका, फक्त लेबल बदला. हेक्झामेरिन्स हिमोसायनिनपासूनच निघाली आहेत आणि झाडात त्यांची जागा कुठे, हाच तर प्रश्न आहे.

सहाही हिस्टिडीन भरले म्हणून हिमोसायनिन ठरत नाही, कारण प्रोफिनॉलऑक्सिडेजमध्येही ते सहा असतात. तिथे सिग्नल पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाला पेशीबाहेर धाडणारा सुरुवातीचा तुकडा, पाहावा. कीटकांच्या आणि कवचधाऱ्यांच्या प्रोफिनॉलऑक्सिडेजला तो नसतो, त्यांच्या हिमोसायनिनला असतो. विंचू-कोळ्यांच्या हिमोसायनिनला तो नसतो, म्हणून त्यांना ही कसोटी लावू नका. सुरुवातीचा भाग तुटलेल्या सिक्वेन्सवरही ती चालत नाही.

यापुढची गफलत जास्त महागात पडते. विंचू-कोळ्यांत उपएककांचे अनेक प्रकार असतात, टॅरँटुलात ए पासून जी पर्यंत सात. प्रत्येक प्राण्याचा हाताला लागला तो एक सिक्वेन्स घेतला, तर झाड प्राण्यांचं न होता जनुकांच्या द्विरावृत्तीचं (एका जनुकाच्या दोन प्रती होण्याचं) होतं आणि विंचू भलत्याच फांदीवर दिसतो. असतील तेवढे सगळे उपएकक घ्या.

अलाइनमेंट मॅफ्ट या प्रोग्रॅमच्या एल-इन्स-आय पद्धतीने. पहिलं डोमेन फार बदलतं, तिथे रिकाम्या जागा जास्त पडतात. ट्रिमअल या प्रोग्रॅमने त्या छाटल्यावर सहा हिस्टिडीनचे स्तंभ शाबूत आहेत ना, हे डोळ्यांनी पाहायचंच. नंतर झाड काढायला आयक्यू-ट्री हा प्रोग्रॅम, आणि फांद्या किती भरवशाच्या हे पाहायला १००० अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅप. या पद्धतीत ९५ टक्क्यांच्या खालच्या आधारावर मी विसंबत नाही. झाडाचं मूळ ठरवायला बाह्यगट, म्हणजे तुलनेसाठी घेतलेला दूरचा नातलग, म्हणून प्रोफिनॉलऑक्सिडेज.

अडचण येते ती हेक्झामेरिन्सची. ती झपाट्याने बदललेली आहेत, शिवाय त्यांपैकी काहींत फिनिलॅलॅनिन आणि टायरोसीन ही अमिनो आम्लं खच्चून भरलेली असतात. झपाट्याने बदलणाऱ्यांच्या फांद्या लांब होतात, अशा लांब फांद्या एकमेकींना ओढतात, आणि हा गट सरकून थेट बाह्यगटाला चिकटतो. प्रोग्रॅमची संघटन-चाचणी (अमिनो आम्लांचं प्रमाण सगळीकडे सारखं आहे का हे पाहणारी) बहुधा याच सिक्वेन्सना नापास करते. अमिनो आम्लं कशी बदलतात याच्या साध्या एलजी मॉडेलऐवजी, जागेजागेचा फरक धरणारं एलजी+सी६० वापरून पाहा. वेळ आणि मेमरी दोन्ही जास्त लागतात, पण फरक पडतो.

झाड तपासायला दोन प्राणी उपयोगी. एपिपेरिपॅटस हा ओनिकोफोरा, म्हणजे संधिपादांचा (कीटक, खेकडे, कोळी वगैरेंचा) जवळचा नातलग. त्याचं हिमोसायनिन २००२ मध्ये नोंदलं गेलं. ते संधिपादांच्या हिमोसायनिनांच्या बाहेर, पण बाह्यगटाच्या आत पडायला हवं. दुसरा पर्ला मार्जिनाटा. श्वासनलिका असताना कीटकांना हिमोसायनिन कशाला, असं मानलं जायचं, ते २००४ मध्ये या स्टोनफ्लायने खोटं ठरवलं. तिचं हिमोसायनिन कवचधाऱ्यांच्या शेजारी बसलं नाही, तर आधी हेक्झामेरिन्स वगळून झाड पुन्हा काढा. आता ते जागेवर आलं, तर दोष लांब फांद्यांचा. नाहीच आलं, तर लेबलं परत तपासा.