कानाभोवतीचं वर्तुळ

गेल्या आठवड्यात बाळीवेशीतले एक आप्पा नातवाला घेऊन माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आले. चादरीच्या घडीत चकमकीचं, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीनं दारू पेटवणारं, पिस्तूल होतं. मे १८१८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मन्रोच्या फौजेनं सोलापूरच्या भुईकोटाला वेढा घातला, तेव्हा त्यांच्या पूर्वजाच्या हाती ते आलं, असं घरात सांगतात. "तेव्हापासून घराबाहेर गेलं नाही बघा," आप्पा म्हणाले. नातवाला विकायचं होतं, म्हणून खरेपणाचं माझ्या हातचं लेखी हवं होतं.

आधी त्यांचे कागद बघितले. मग नळीत गज घालून तोंडाशी खूण केली आणि तो बाहेरून नळीला लावून पाहिला. गज कानापर्यंत, म्हणजे नळीच्या बुडाशी ठिणगी आत जायचं भोक असतं तिथपर्यंत, पोचत होता; म्हणजे आत बार, भरलेली दारू-गोळी, नव्हता. ठासणीच्या हत्यारात कधीकधी जुना बार तसाच राहिलेला असतो. हे न बघता घोडा ओढणाऱ्यांची मला चीड येते.

नळी कुणीतरी बफिंगच्या चाकावर आरशासारखी केली होती. लोकांना चकाकी म्हणजे निगा वाटते, आणि शिक्के कायमचे जातात. तरी भिंगाखाली पुसट मुकुट आणि राजदंडांची फुली दिसली. बर्मिंगहॅमचं नळ्या तपासायचं सरकारमान्य घर १८१३ मध्ये सुरू झालं, त्याची खूण अशीच होती. म्हणजे १८१८ जमत होतं. मला खरंच आनंद झाला.

मग कानावर तेलाचा थेंब सोडून पुसला. केसासारखं बारीक वर्तुळ उमटलं. भोक मोठं करून, आटे पाडून, पुढं कधीतरी बुच मारलेलं. मोठं भोक टोपीच्या काळातलं; टोपी म्हणजे घोड्याच्या ठोक्यानं पेटणाऱ्या मसाल्याची छोटी वाटी. फोर्सिथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्यानं ठोक्यानं पेटणाऱ्या मसाल्याचं पेटंट १८०७ मध्ये घेतलं, पण फौजांत टोपी रुळली १८४० च्या सुमारास. तेव्हा चकमकीची कितीतरी हत्यारं रंजकदाणी, म्हणजे कानाबाहेर रंजक (पेटवायची बारीक दारू) ठेवायची वाटी, काढून टोपीची केली गेली. इथंही टोपीच्या मसाल्यानं कानाजवळचं लोखंड खड्डे पाडून खाल्लं होतं. पण लगतची रंजकदाणी? गुळगुळीत. जिथं रंजक जळायची तीच जागा कोरी! तिचा स्क्रू काढून आट्यांना गेज लावला, तर मेट्रिक. आपल्याकडचा मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा.

टोपीचं करणाऱ्यानं हत्यार चालतं राहावं म्हणून हात लावला होता. त्याचं काम नीटस होतं. नंतरच्यानं चकमकीला जास्त भाव येतो म्हणून ते पुसलं.

"मिस्त्री, खोटं आहे का?" आप्पांनी विचारलं.

"नळी जुनीच आहे आप्पा. चकमकीचा साज नवा."

नातवाचा चेहरा पडला. मी जे दिसलं तेवढंच लिहून दिलं.

एक गोष्ट लिहिली नाही, बोललोही नाही. असला साज चढवतात तो विकायला काढलेल्या मालावर. घराबाहेर न गेलेल्या पिस्तुलाला तो कोण चढवेल? आप्पांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्यांनी चादरीची घडी घातली, म्हणाले, "आमच्या वडलांनीच घासून ठेवायचं शिकवलं," आणि नातवाच्या खांद्याला धरून पायऱ्या उतरले.