धापेचं राहू द्या, अंग दुखतंय ते बघा

आमच्याकडे फुप्फुसाचा पेशंट आला की पहिला प्रश्न धापेचा. किती पायऱ्या चढल्यावर लागते, अंघोळ करताना लागते का, रात्री उठून बसावं लागतं का. भोर तालुक्यातून आलेल्या मावशींनी मला प्रश्न पुरा करूच दिला नाही. "म्याडम, धापेचं ऱ्हाऊ द्या, ती काय आजची न्हाय. समदं अंग ठणकतंय, त्याचं कायतरी बघा."

मी पुण्यातल्या एका रुग्णालयात छातीच्या रुग्णांची फिजिओथेरपी करते. मावशींना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या आकसण्याचा आजार. विडी-तंबाखूचा संबंध नाही. लग्न होऊन आल्यापासून चुलीपुढे, पावसाळ्यात ओली लाकडं फुंकत दोन वेळचा स्वयंपाक. गॅस आला, पण भाकरी अजून चुलीवरच. असा धूर छातीत साठवलेल्या बायका आमच्याकडे सारख्या येतात.

अंगदुखीला वर्ष झालं होतं. सुनेने फाइल पुढे केली. संधिवाताच्या तपासण्या नॉर्मल, चिकुनगुन्या नाही, थायरॉइड ठीक. कुणी वय म्हणून सांगितलं होतं, कुणी वात. सून हळूच म्हणाली, "रिपोर्ट चांगले आहेत तर कण्हतात कशाला, असं घरात बोलतात, ताई." मावशींनी मान वळवली. ऐकू गेलं होतं त्यांना. आजाराचं नाव सापडलं नाही की दुखणाऱ्या माणसावरच संशय घ्यायचा, हे मी फार वेळा पाहते आणि दर वेळी माझा संताप होतो.

नेहमीप्रमाणे सहा मिनिटं चालायची चाचणी घेतली. अर्ध्यातच मावशी भिंतीला टेकल्या. बोटावरचा ऑक्सिमीटर 91 दाखवत होता, म्हणजे त्यांच्या मानाने बरा. "दम लागला?" "दम न्हाय वो. मांड्यांत जीवच न्हाय." इथे माझे कान टवकारले. त्यांना थांबवलं होतं ते पायांनी.

खुर्चीत बसवून, हात छातीशी बांधून उठायला सांगितलं. ही चाचणी सलग 5 वेळा उठण्याची असते. मावशी एकदाही उठू शकल्या नाहीत. पुढे झुकल्या, जोर लावला, परत मागे बसल्या. हाताचे पंजे दाबायला दिले तर पकड मात्र चांगली. कमकुवत होते ते मांड्यांचे आणि खुब्याचे स्नायू. पाठीचे मणके एकेक करून बोटाने ठोकत खाली आले. छाती संपून कंबर सुरू होते तिथे आल्यावर त्या कळवळल्या. मी विचारलं, "मावशी, उंची कमी झाल्यासारखी वाटते का?" त्यांनी आश्चर्याने पाहिलं. "लुगडं पायात येतंय खरं. आता वर दोन घड्या जास्ती खोचती."

मग सुनेला म्हटलं, घरात आहेत तेवढी सगळी औषधं दाखव. प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंडाने औषध ओढायचा पंप, म्हणजे इनहेलर निघाला, जवळजवळ न वापरलेला, कारण पंपाची सवय लागते असं कुणीतरी डोक्यात भरवलेलं. आणि निघाले कात्रीने कापलेल्या स्ट्रिपचे तुकडे. एका तुकड्यावर नावाची शेवटची अक्षरं उरली होती: 'सोलोन'. प्रेडनिसोलोन, 10 मिलिग्रॅम. पोटात घ्यायचं स्टिरॉइड. कधीतरी धाप अचानक वाढली तेव्हा डॉक्टरांनी 5 दिवसांसाठी लिहून दिलं होतं आणि ते बरोबरच होतं. पण त्या 5 दिवसांत इतका आराम पडला की पुढे तीच गोळी मेडिकलमधून आणून रोज चालू राहिली. काही वर्षं. चेहरा गोल झाला, तर गावात म्हणाले तब्येत सुधारली. हातांवर जांभळे डाग उठायचे, ते कुठेतरी लागलं असेल म्हणून सोडून दिले.

पंपातलं स्टिरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट श्वासनलिकेत जातं. हजार मायक्रोग्रॅमचा एक मिलिग्रॅम, तोही गोळीतून गेला की साऱ्या अंगात फिरतो. रोजच्या गोळीने हाडं ठिसूळ होतात, मांड्यांचे स्नायू झिजतात. ज्याची भीती होती तो पंप पडून राहिला आणि जी गोळी जपून घ्यायची ती चहासारखी रोज घेतली गेली.

ही सगळी टिपणं घेऊन मी आमच्या छातीच्या डॉक्टरांकडे गेले. बाजूने एक्स-रे काढला तर दोन मणके पुढून चेपलेले. कुठे पडणं-झडणं नाही, खोकल्याच्या उबळीत किंवा हंडा उचलतानाही ठिसूळ मणका असा चेपू शकतो. ड जीवनसत्त्व फार कमी. पोटॅशियमही कमी, गोळी आणि वरचेवर घेतलेल्या नेब्युलायझरमुळे ते उतरतं, पोटऱ्यांत गोळे येतात. मानेचं नि खांद्यांचं दुखणं वेगळंच होतं: श्वास ओढायला मानेचे स्नायू दिवसभर राबत होते. म्हणजे 'समदं अंग' यात चार निरनिराळी दुखणी होती आणि चारही खरी.

हे ऐकताच मावशींनी गोळ्या कचऱ्यात टाकायला हात उचलला. मी तो धरला. इतके दिवस बाहेरून स्टिरॉइड मिळाल्यावर शरीराची ते बनवणारी ग्रंथी सुस्त पडते. गोळी एकदम तोडली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांनी मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवायचा कागद लिहून दिला आणि मधल्या काळात अंगदुखी थोडी वाढेल, घाबरू नका, असं बजावलं. हाडांची औषधं सुरू झाली. पंप कसा ओढायचा ते मी समोर बसवून करून घेतलं. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायचा, कमरेतून वाकून केर काढायचा नाही, हंडा उचलायचा नाही, आणि रोज उंच खुर्चीवरून उठ-बस.

आता मावशी हात न टेकवता खुर्चीतून उठतात. मणक्यांचं दुखणं कमी झालंय, गेलेलं नाही. मान अजून धरते आणि त्यावर काम चालू आहे. पंप त्या नियमित घेतात. परवा सून एकटीच आली होती, शेजारच्या काकूंच्या गोळ्यांचा तुकडा घेऊन. "ताई, हे पण तेच आहे का बघा." तेच होतं. काकूंना येत्या सोमवारी बोलावलंय.