पंधराशे रुपये आणि दोनशे सात रुपये

उल्लास, म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रमासाठी २०२२ ते २०२७ या पाच वर्षांना मिळून १,०३७ कोटी ९० लाख रुपये मंजूर झाले. त्यातले ७०० कोटी केंद्राचे, बाकीचे राज्यांचे. पाच वर्षांत पाच कोटी माणसं साक्षर करायची असं उद्दिष्ट आहे. भागाकार करून बघा. माणशी २०७ रुपये येतात. आयुष्यभर अंगठा लावलेल्या एका बाईला वाचायला, लिहायला आणि हिशेब करायला शिकवण्यासाठी सगळे मिळून एवढे.

आकडा वाचून सोडून देता आला नाही, कारण ज्यांच्यासाठी तो आहे त्या बायका रोज माझ्या समोर बसलेल्या असतात. जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात, एका गावात मी बँकेचं ग्राहक सेवा केंद्र चालवते. एक टेबल, एक अंगठ्याचं मशीन, पावती काढायचा छोटा प्रिंटर, आणि महिन्याच्या ठरावीक दिवसांत ओसरीपर्यंत गेलेली रांग. कुणाला संजय गांधी निराधारचे पैसे येतात, कुणाला श्रावणबाळचे, कुणाला लाडकी बहिणीचे. बहुतेकींना महिन्याला १,५०० रुपये. त्याआधी मी साक्षर भारत योजनेत गावची प्रेरिका, म्हणजे मोठ्या माणसांना मानधनावर शिकवणारी बाई, होते. त्यामुळे रांगेतल्या निम्म्या बायका मला अजून 'मॅडम'च म्हणतात, आणि कोणाला किती वाचता येतं हे मला पाठ आहे.

आमच्या मशीनमधून निघणारी पावती एकदा नीट बघा. बोटाएवढी रुंद पट्टी, फिकट शाई, सगळा मजकूर इंग्रजीत. वर बँकेचं नाव, तारीख, आधारचे शेवटचे चार आकडे, मग एक लांबलचक व्यवहार क्रमांक, त्याखाली काढलेली रक्कम आणि शेवटी शिल्लक. मराठी छान वाचणाऱ्या बाईलाही यातलं एक अक्षर उपयोगाचं नाही. तिला इंग्रजी आकडे ओळखता यायला हवेत, आणि पट्टीवरच्या दहा-बारा आकड्यांतले आपले दोन कुठले ते कळायला हवं. एक मावशी दर महिन्याला पावती माझ्यासमोर धरून विचारतात, "ताई, ह्याच्यात माझं किती हाय ते बोट ठिवून दाव." मी बोट ठेवते. त्या तिथे नखाने खूण करतात आणि पावती घडी करून चोळीच्या खिशात ठेवतात. घरी गेल्यावर नातू ती खूण बघून आकडा वाचून दाखवतो. मी सांगितला तोच आकडा आहे ना, याची त्यांची ती पडताळणी असते. मला त्याचं कधी वाईट वाटत नाही, उलट बरं वाटतं. प्रत्येकीने असंच करावं.

सगळ्यांच्या घरी वाचणारा नातू नसतो. पलीकडच्या एका गावातली विधवा बाई माझ्याकडे खातं बघायला आली, तेव्हा कळलं की तिच्या नावावर दर महिन्याला १,५०० निघत होते आणि हातात १,४०० पडत होते. ती म्हणाली, "मला वाटलं तेवढेच येत्यात." पावती तिला कधी मिळालीच नव्हती, आणि मिळाली असती तरी काय झालं असतं? शंभर रुपये म्हणजे तिच्यासाठी आठवड्याचं तेल आणि चहापत्ती. अशा चोरीची तक्रार होत नाही, कारण चोरी झाल्याचंच कळत नाही. म्हणून अनुदान आणि साक्षरता हे दोन विषय मला वेगळे वाटत नाहीत. दीड हजार द्यायचे आणि ते मोजायची ताकद द्यायची नाही, तर अर्धंच काम झालं.

साक्षर भारत २००९ मध्ये सुरू झालं. सात कोटी माणसं, त्यात सहा कोटी बायका, असं लक्ष्य होतं. ज्या जिल्ह्यांत प्रौढ स्त्रियांची साक्षरता निम्म्याच्या खाली होती तिथे ही योजना आली. आमचा जालना त्यात बसणारच होता. २०११ च्या जनगणनेतसुद्धा जिल्ह्यातल्या दर दहा बायकांमागे जवळपास चौघींना वाचता येत नव्हतं. ग्रामपंचायतीत लोकशिक्षण केंद्र, त्यावर दोन प्रेरक, महिन्याला २,००० रुपये मानधन. रक्कम थोडीच होती, आणि अनेक राज्यांत प्रेरकांना थकलेल्या मानधनासाठी आंदोलनं करावी लागली. तरी त्या दोन हजारांनी एक मोठी गोष्ट केली होती. गावात एक माणूस असा होता की ज्याचं कामच मोठ्या माणसांना शिकवणं हे होतं. बायकांना तो माणूस माहीत होता, त्याचं घर माहीत होतं, आणि आज वर्ग चुकला तर उद्या तो दारात येऊन विचारणार हेही माहीत होतं.

मोठ्या बाईला शिकवणं म्हणजे काय हे मला त्या वर्षांत कळलं. वर्ग रात्री आठनंतरच भरायचा. भाकऱ्या झाल्या, जेवणं झाली, भांडी झाली की बायका समाजमंदिरात यायच्या. कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग अर्धा रिकामा. ऊसतोडीला गेलेल्या जोड्या दिवाळीनंतर गेल्या की थेट गुढीपाडव्याच्या सुमारास परत. त्यांच्यासाठी परत पहिल्यापासून सुरुवात. कडेवरचं पोर झोपलं तर शिकणं, रडलं तर उठून घरी. यातलं काहीही आळसामुळे नव्हतं. वर्गाने बायकांच्या दिवसाप्रमाणे चालायचं असतं, आणि तसं चालवायला कोणीतरी वर्षभर तिथे असावं लागतं.

दुसरी गोष्ट चष्म्याची. चाळिशी ओलांडलेल्या बायका पुस्तक हातभर लांब धरायच्या, डोळे बारीक करायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "माझं डोस्कंच चालत नाय बाई, र्‍हाऊ दे." डोकं उत्तम चालत होतं. दिसत नव्हतं. आठवडी बाजारात टोपलीत चष्मे घेऊन बसणाऱ्याकडून एका आजींनी वाचायचा चष्मा आणला आणि त्याच रात्री 'कमल', 'बदक' सलग वाचलं. मग स्वतःचं नाव, मग नवऱ्याचं, आणि मग भिंतीवरची कुटुंब नियोजनाची जुनी घोषणा मोठ्याने. अख्खा वर्ग हसायला लागला, त्यासुद्धा. त्यानंतर मी नवीन बाई आली की आधी तिला सुईत दोरा ओवायला सांगायची. दोरा ओवता आला नाही की आधी चष्मा, पाटी मागाहून. एक साधा चष्मा घ्यायचा म्हटलं तर माणशी २०७ रुपयांतले किती उरतात सांगा.

३१ मार्च २०१८ ला साक्षर भारत बंद झालं. आमच्या केंद्राचं कपाट ग्रामपंचायतीत गेलं. त्यात वाचायला ठेवलेली मोठ्या अक्षरांची पुस्तकं होती. वर्तमानपत्र बंद झालं. ज्यांचं वाचन पक्कं झालं होतं त्या तरल्या. ज्या जोडाक्षरांपर्यंत आल्या होत्या त्यांचं वर्ष-दोन वर्षांत विसरलं. सही तेवढी राहिली. आज रांगेत त्या मला सांगतात, "मॅडम, आता फकस्त सही येती." हे ऐकताना फार लागतं, कारण थोडं पुढे नेलं असतं तर ते कायमचं राहिलं असतं.

उल्लासबद्दल मला वाकडं बोलायचं नाही. त्याची परीक्षा चांगली आहे. वाचन, लेखन, संख्याज्ञान अशी पन्नास-पन्नास गुणांची, एकूण दीडशेची चाचणी. प्रत्येक भागात ३३ टक्के हवेत. वेळ दिवसभराची असते, बाईने तिच्या सोयीने यावं, तीन तास बसावं. जिल्हा परिषदेच्या शाळेत नातवाच्या बाकावर आजी बसलेली मी पाहिली आहे. पेपर देऊन बाहेर आल्यावर तिचा चेहरा बघायला सरकारी अधिकाऱ्यांनी एकदा खरंच यावं. पण शिकवणारा कोण? स्वयंसेवक, विनामानधन. आठवी-नववीची मुलं, अंगणवाडीच्या ताई, कुणाची सून. ती मनापासून करतात, मला माहीत आहे. मुलाची परीक्षा आली की आजीचा वर्ग थांबतो, सून बाळंतपणाला माहेरी गेली की थांबतो, यात त्यांचा काय दोष? सर्वेक्षण आणि नोंदणी शिक्षकांवर आली. २०२३ मध्ये आपल्याकडच्या शिक्षक संघटनांनी त्या सर्वेक्षणावर बहिष्कार घातला, तेव्हा त्यांना नावं ठेवणारे पुष्कळ होते. मला ते पटलं नाही. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग, पोषण आहाराची नोंद, निवडणुकीचं काम, आणि वर असाक्षरांची घरोघर यादी. एका माणसाचं पूर्ण काम दुसऱ्या माणसाच्या उरलेल्या वेळात बसवायचं आणि ते झालं नाही की त्यालाच बोलायचं, हे बरोबर नाही.

आता पैशाचं. लाडकी बहीण योजना जाहीर झाली तेव्हा वर्षाला ४६ हजार कोटी रुपये लागतील असं सरकारने सांगितलं होतं. महाराष्ट्रात साधारण २८ हजार ग्रामपंचायती आहेत. प्रत्येकीत एक प्रेरिका ठेवली, तिला महिन्याला सहा हजार दिले, तर वर्षाला ७२ हजार. सगळ्या राज्याचे मिळून साधारण २०१ कोटी ६० लाख. ४६ हजार कोटींच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. मी हा हिशेब तीनदा तपासला. पैसे नाहीत म्हणून प्रौढांना शिकवता येत नाही, असं कोणी म्हणालं तर मी हाच कागद पुढे करते.

हे पैसे बायकांच्या दीड हजारांतून कापून आणा असं मात्र माझं म्हणणं मुळीच नाही. आणि 'आधी शिका, मगच हप्ता' अशी अट तर कधीच नको. ही कल्पना आमच्याच गावात एका शिकलेल्या माणसाने मांडली होती, चांगल्या हेतूनेच. पण निराधार योजनेतल्या बायकांना उत्पन्नाचा दाखला, हयातीचा दाखला यासाठी किती चकरा माराव्या लागतात ते मी रोज बघते. झिजलेल्या बोटांचे ठसे मशीनला जुळत नाहीत, तेव्हा एक-एक बोट पुसून परत लावताना त्यांचे हात थरथरतात, पैसे बंद झाले की काय या भीतीने. त्या भीतीत अजून एक परीक्षा घालायची? भ्यालेली बाई शिकत नाही. वर्गात ती आपल्या पायाने आली तरच टिकते.

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात राबणाऱ्या माणसांसाठी रात्रीची शाळा काढली होती. १८८२ मध्ये इंग्रज सरकारने शिक्षणाची चौकशी करायला नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिलं, त्यात हाच हिशेब मांडला होता: तिजोरीत पैसा येतो रयतेच्या श्रमातून, आणि शिक्षणाचा खर्च होतो वरच्या लोकांवर. माझ्या रांगेतल्या बायका तेलावर, साबणावर, चपलेवर कर भरतात. त्यांच्या लहानपणी शाळेचा खर्च दुसऱ्याच कुणावर झाला, त्या गुरांमागे आणि धाकट्या भावंडांमागे राहिल्या. त्यांचं जे द्यायचं राहिलं ते आता द्यायचं आहे. त्यात उपकाराचा प्रश्न येत नाही.

मुंबई-दिल्लीचं मी ठरवू शकत नाही. गावाचं थोडंफार ठरवता येतं. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. येत्या ग्रामसभेत मी आणि बचत गटाच्या बायका मिळून ठराव मांडतो आहोत. मागण्या साध्या आहेत: या निधीतून चाळिशीपुढच्या शिकणाऱ्या बायकांना वाचायचे चष्मे द्यावेत, समाजमंदिरात रात्रीचा दिवा आणि पंखा चालू ठेवावा, लहान पोरं सांभाळायला एका मुलीला थोडं मानधन द्यावं, कपाटातली पुस्तकं परत बाहेर काढावीत, आणि पूर्णवेळ प्रेरिकेसाठी शासनाकडे लेखी मागणी पाठवावी. वर्गात पाठ्यपुस्तकासोबत पासबुक, रेशनची पावती, रोजगार हमीचं जॉबकार्ड आणि आमच्या मशीनची ती इंग्रजी पट्टी शिकवायची, हेही लिहिलंय. ठरावाचा मसुदा बचत गटाच्या सचिव बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिला आहे. त्या आमच्या समाजमंदिरातल्या वर्गातच शिकल्या. तुमच्या गावात असं काही मांडायचं असेल तर कळवा, मी मसुदा पाठवते.