कुंडलच्या शिवारातला बी-२७५

किर्लोस्करवाडीला उतरणारे प्रवासी बहुतेक कामाचे असतात, नाहीतर गावाला निघालेले. पर्यटक म्हणून तिथं कुणी उतरत नाही, त्यामुळे मित्र मला न्यायला स्टेशनावर आला तेव्हा त्याच्या घरच्यांनाही नवल वाटत होतं. पुण्याहून एवढ्या लांब हा माणूस ट्रॅक्टर बघायला येतो म्हणजे काय!

या स्टेशनाचं जुनं नाव कुंडल रोड. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना इथलं निवडुंगानं भरलेलं माळरान दिलं आणि १९१० साली कारखाना उभा राहिला. त्याआधी लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर तयार केला तेव्हा तो लवकर खपेना, कारण लोखंड लागलं की जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. आज त्याच परिसरात बांधाबांधावर ट्रॅक्टर उभे असतात. कुंडल म्हटलं की क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार आठवतं, तो इतिहास गावात ठिकठिकाणी भेटतोच, पण त्यावर वेगळं लिहायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मित्राच्या चुलत्यांच्या वस्तीवर गेलो. सगळे त्यांना आबा म्हणतात. द्राक्षबागेच्या कडेनं रस्ता, पुढे ऊस, मग गोठा आणि गोठ्याला लागून पत्र्याचं शेड. शेडमध्ये नवा पन्नास एचपीचा ट्रॅक्टर होता, त्याच्यापलीकडे ताडपत्रीखाली हा. आबांनी ताडपत्री ओढली आणि म्हणाले, "बघा. चिमण्या घाण करत्यात म्हून झाकतो, न्हायतर ह्येला काय झाकायचंय."

इंटरनॅशनल बी-२७५. लाल रंग, पण कुठला लाल म्हणायचा ते ठरेना. बोनेटच्या माथ्यावर उन्हानं विटकरी झालेला, डिझेलच्या टाकीच्या आडोशाला अजून गडद, आणि जिथं हात पडतो तिथं रंग जाऊन पत्राच उघडा पडलेला. गंज मात्र नावाला नाही. दर पावसाळ्याच्या तोंडावर जळक्या ऑइलचा फडका फिरतो, त्याची ही करामत.

हल्ली हायवेवरच्या हॉटेलांपुढे आणि कृषी प्रदर्शनांत जुने ट्रॅक्टर मांडून ठेवतात. नवा चकचकीत रंग, वर स्टिकर, चाकांना चंदेरी पट्टा. लोक फोटो काढतात. मला ते बघवत नाहीत. तो रंग खरवडून पुन्हा लावताना साठ वर्षं कुणी कुठं हात ठेवला, कुठं पाय घासला, ते सगळं पुसून जातं. आबांच्या ट्रॅक्टरचे उजवीकडचे दोन ब्रेक बघा. डाव्या चाकाच्या ब्रेकची पट्टी आरशासारखी गुळगुळीत झालीय, उजव्या चाकाच्या पट्टीवरच्या रेघा मात्र अजून बोटाला लागतात. मी विचारलं तर म्हणाले, "आमच्या आण्णांना बांधाला आलं की डावीकडंच वळायची सवय. नांगर उचलायचा, डावा ब्रेक दाबायचा, गर्रकन फिरवायचा. मीबी तसंच शिकलो."

आण्णा म्हणजे आबांचे वडील. ट्रॅक्टर त्यांनी घेतला, "बहात्तरच्या दुष्काळाआधी दोन वर्सं." तेव्हा ट्रॅक्टर मिळणं सोपं नव्हतं. भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर आयशरचा, तो फरिदाबादहून १९५९ साली बाहेर पडला. तोवर सगळा माल परदेशातून यायचा. बी-२७५ मूळचा इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचा, इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनं १९५८ मध्ये काढलेला. १९६३ साली महिंद्रा, व्होल्टास आणि ही इंटरनॅशनल हार्वेस्टर मिळून मुंबईत कंपनी उभी राहिली आणि तोच ट्रॅक्टर कांदिवलीत बनू लागला. पुढे १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रात विलीन झाली. मॉडेल बदलत गेली, तरी २७५ हा आकडा आजही शोरूममध्ये दिसतो.

इथल्या काळ्या रानात त्या काळी खरा वैरी कुंदा नावाचं तण. याची मुळं इतकी खोल जातात की वरवर नांगरून काही होत नाही. सहा नाहीतर आठ बैल जुंपून मोठा नांगर चालवायचा, पुढं एक माणूस, मागं एक, आणि दिवसाकाठी जेमतेम तुकडा हलायचा. बी-२७५ची ताकद पस्तीस एचपीच्या आसपास. आज द्राक्षबागेतले छोटे ट्रॅक्टर सोडले तर ही काही मोठी ताकद नव्हे. पण आठ बैलांना वैरण घालणाऱ्या घराला ती किती वाटली असेल! आबा सांगतात, पहिल्या उन्हाळ्यात नांगरट बघायला शेजारच्या गावातून माणसं यायची आणि बांधावर बसून भाकरी खायची. दुष्काळात नांगरायला काही उरलंच नाही, तेव्हा ट्रॉली जोडून ह्यानं विहिरींच्या खोदाईची माती ओढली.

माझी खरी इच्छा तो चालू झालेला ऐकण्याची. आबा घाई करत नव्हते. आधी एअर क्लीनरचा पेला उतरवला. या ट्रॅक्टरला कागदी फिल्टर नाही, हवा तेलातून जाते आणि धूळ तेलात बसते. पेल्याच्या तळाशी बोटभर काळा गाळ होता. तो त्यांनी काडीनं खरवडला, पेला डिझेलनं धुतला, नवं तेल रेघेपर्यंत ओतलं आणि रेघेच्या वर गेलं म्हणून थोडं पुन्हा काढलं. त्या एका पेल्यावर दहा मिनिटं गेली. नवा ट्रॅक्टर चालवणारा त्यांचा मुलगा लांबून हसत होता.

मग गिअर न्यूट्रल. दोन दांडे आहेत, एक चार गिअरचा आणि एक हाय-लोचा, म्हणून पुढं जायचे आठ गिअर आणि मागं यायचे दोन. "हीटर लावायचा, पंधरा म्हणायचं, मग मारायचा." इंजिन जुन्या पद्धतीचं असल्यानं थंडीत आधी प्लग तापवावे लागतात. आबांनी मनातल्या मनात मोजलं. स्टार्टर घरघरला, पांढरा धूर आला, एक ठोका, दोन ठोके, आणि चारही सिलिंडर लागले. धूर विरला तसा आवाज एका लयीत आला. हल्लीच्या ट्रॅक्टरपेक्षा तो बराच मऊ वाटला. आबांनी थ्रोटल खाली घेतली, इतकी की आता बंद पडेल असं वाटावं. पडला नाही. हे दाखवण्यासाठीच केलं होतं, त्यांच्या तोंडावरून कळत होतं.

मला बसायला सांगितलं. लोखंडी सीट, वर गोणपाट. क्लच जड आहे, गुडघा आठवण ठेवतो. ओढ्यापर्यंत गेलो आणि परत आलो, लो गिअरमध्ये, शेजारून चालणारं पोर आमच्या पुढं निघून गेलं.

शेडच्या कोपऱ्यात पट्टा चढवायची पुली पडली होती, मागं बसवायची. ती लावून आण्णा हंगामात गुऱ्हाळाचा चरक चालवत. आता गुऱ्हाळ नाही, पुली आहे, आबा तिलाही ऑइल लावतात. खंडेनवमीला ट्रॅक्टरसोबत तिचीही पूजा होते. वर्षभर ट्रॅक्टरला काम मात्र असतं: गड्यांच्या पिण्याच्या पाण्याचा टँकर ओढायचा, शेणखत टाकायचं. काही पार्ट अजून दुकानात मिळतात, मिळत नाहीत ते पलूसला लेथवर करून घेतात. आबांचं म्हणणं स्पष्ट आहे, उभा ठेवला की सील वाळतात, म्हणून चालवायचा.

कुणाला तिकडे जायचंच असेल तर पावसाळा संपल्यावर जा. सागरेश्वर अभयारण्य जवळ आहे, तिथली हरणं सकाळी लवकर दिसतात, आणि वरून कृष्णाकाठची शेती छान दिसते. आबांचा पत्ता मी देणार नाही, त्यांना गर्दी नको आहे. पण कृष्णा-येरळेच्या या पट्ट्यात कुठल्याही वस्तीवर "जुना इंटरनॅशनल कुणाकडं हाय का?" एवढं विचारा. चहा नक्की मिळेल, आणि ट्रॅक्टर निघालाच तर मालक तो चालू करून दाखवल्याशिवाय सोडणार नाही.