तुम्ही विचारलंत म्हणून : लॅपटॉपनं नाही हो झालं

नाही. माझ्या गालांवरचे वांग, म्हणजे हे काळपट डाग, लॅपटॉपनं नाही आले. म्हणजे, बहुतेक नाही.

लग्नात, लिफ्टमध्ये, आणि परवा तर बँकेत केवायसीच्या काउंटरवरसुद्धा, माझ्या गालांकडे बघून कुणीतरी म्हणतंच, "दिवसभर स्क्रीनसमोर असता ना? त्या ब्लू लाइटनं होतं म्हणे हे." वांग कसे दिसतात ते तुम्हाला माहीत आहे, त्यात शिरत नाही.

खरं तर हा शोध तुमच्याआधी माझाच. 2021 च्या मार्चअखेरीला, ताळेबंद आणि जीएसटीच्या धबडग्यात डाव्या गालावर पहिला डाग दिसला, आणि मी त्याच दिवशी निकाल देऊन टाकला. लॅपटॉपवर पिवळी फिल्म, फोन कायम नाइट मोडवर, शिवाय 'ब्लू लाइटपासून संरक्षण' असं लिहिलेलं साडेआठशेचं सीरम. लॅपटॉप दोषी ठरला की बरं वाटायचं. मग चूक कामाची, माझी नाही. आईलाही असेच वांग होते, आणि माझ्या दुसऱ्या बाळंतपणात हलकीशी छटा येऊन गेली होती, हे तेव्हा सोयीस्कर विसरले.

निळा उजेड अगदीच निरपराध आहे असंही नाही. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर त्याचा काळेपणा उठतो आणि कित्येक आठवडे टिकतो. गोऱ्यापान कातडीवर तसा उठत नाही. कातडीला रंग देणाऱ्या पेशींमध्ये ऑप्सिन-3 नावाचं प्रथिन हा उजेड ओळखतं, हे 2018 मध्ये समोर आलं. पण हे प्रयोग प्रखर दिव्यांखाली झालेले. स्क्रीनचा हिशोब जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एका क्रीम कंपनीच्याच संशोधकांनी मांडला: एक फुटावरच्या स्क्रीनसमोर आठवडाभर न उठता बसलात, तर तिथल्या उन्हाळी दुपारचं मिनिटभर ऊन घेतल्यासारखं. क्रीम विकणारेच असं म्हणतात, तेव्हा माझ्या साडेआठशेंचं काय झालं ते ओळखा.

आता जे कुणाला सांगितलेलं नाही ते.

सीरमनं काही होईना, तेव्हा 2022 मध्ये मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिली. "आठ दिवसांत फरक." त्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन ही औषधं आणि मोमेटासोन हे स्टेरॉइड. असल्या स्टेरॉइडच्या क्रीम चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत असा नियम 2018 मध्येच झालाय. त्यानं चिठ्ठी मागितली नाही, मीही विषय काढला नाही. तीन आठवड्यांत चेहरा असा उजळला की सोसायटीतल्या बायका थांबवून विचारायच्या. मी म्हणायचे, "काही नाही गं, पाणी खूप पिते." पाच महिने लावली.

भाचीची हळद होती. कुणीतरी मागून येऊन दोन्ही गालांना हळद फासली आणि चेहऱ्यावर मिरची वाटल्यासारखी आग उठली. कार्यालयाच्या मागच्या बेसिनला पाणी नव्हतं. प्लास्टिकच्या पिंपातून तांब्यानं पाणी घेऊन मी चेहरा धूत होते. हळद निघेना आणि घासावं तर अजून जळायचं. वरच्या ट्यूबलाइटमध्ये आरशात बघितलं तर पिवळ्याखाली लालबुंद गाल, आणि त्यात बारीक शिरांचं जाळं. बाहेर बँजो जोरात. मावशी शोधत आली, पदरानं माझी हनुवटी टिपत म्हणाली, "हळद कधी कुणाला बाधते का गं? त्या कॉम्प्युटरनं कातडी नाजूक झालीय तुझी."

मी म्हटलं, "हो ना."

ट्यूब तेव्हा पर्सच्या आतल्या चेनच्या कप्प्यात होती.

ती बंद केल्यावर वांग दुपटीनं परतले. त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले तर तिथेही आधी स्क्रीनचंच रडगाणं लावलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "बसता कुठे?" डायनिंग टेबलाशी. डाव्या हाताला गॅलरीचं काचेचं दार, पश्चिमेचं. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी काच यूव्हीबी बरेच अडवते, यूव्हीए बऱ्यापैकी आत सोडते, आणि दिसणारा उजेड आत यावा म्हणून तर ती बसवलेली. म्हणजे निळा उजेड होताच, फक्त मी चुकीच्या काचेवर फिल्म लावली होती.

आता रंगीत सनस्क्रीन लावते, त्यात आयर्न ऑक्साइड असतं, ते हा उजेड अडवतं. नुसतं पारदर्शक सनस्क्रीन त्याला फारसं अडवत नाही. आयर्न ऑक्साइड म्हणजे आपला गेरूच की, आजी तुळशीवृंदावन सारवायची तो. डाग फिकट झालेत, गेले नाहीत. उन्हाळ्यात पुन्हा डोकं वर काढतात.

मग सगळं त्या दारानंच केलं का? तेही छातीठोक म्हणवत नाही. आईचं टेबल कुठल्या दाराशी होतं? तिच्याकडे टेबलच नव्हतं. ती दिवसभर चुलीपाशी, आणि उष्णतेनंही वांग वाढतात. आणि हे सगळं कळूनही लॅपटॉपवरची पिवळी फिल्म मी अजून काढलेली नाही. विचारू नका का.

परवा त्याच मावशीचा फोन. सुनेला वांग आलेत, ते ब्लू लाइटवालं क्रीम कुठलं? म्हटलं, आधी बघ, ती कुठली ट्यूब लावतेय का.

"छे गं," मावशी म्हणाली, "ती तसलं काही लावत नाही. पाणी खूप पिते."