घरातला चौथा विठ्ठल

आज बारशाला आत्या म्हणून कानात कुर्रर्र करायचा मान माझा. माहेरी पिढ्यान्‌पिढ्यांची वारी, एका वाड्यात सत्तावीस माणसं. बाळाचं नक्षत्र रोहिणी, म्हणजे अक्षरं ओ, वा, वी, वू. वहिनीला 'विवान' हवं होतं. काका म्हणाले, विठ्ठल. अहो, घरात तीन आधीच आहेत! एक आजोबा. दुसरा त्यांच्या नावाचा नातू, पण आजी नवऱ्याचं नाव घेत नाही, म्हणून त्याला पाळण्यातच 'अण्णा' केलं. तिसरा पप्पू.

काकांनी मग थेट संत नामदेवांचं घर काढलं. मुलं नारा, विठा, गोंदा, महादा, म्हणजे नारायण, विठ्ठल, गोविंद, महादेव. त्यांच्याकडेही विठ्ठल होताच की! (मुलीच्या नावासाठी कुणी इतकं भांडत नाही. माझं नाव दवाखान्यातल्या नर्सनं सुचवलेलं.)

'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' झालं. मी वाकून बाळाच्या कानात 'विठ्ठल' म्हटलं, मग हळूच 'विवान'. वहिनीनं ऐकलं, काकांनी नाही. आजी मात्र सकाळपासून 'सोन्या' म्हणतेय.