कुणाकडे उतरलीस?

मालवण, रात्रीचे साडेअकरा

खालच्या बंकवरची मुलगी झोपलीय, म्हणून पडदा ओढून उशाजवळच्या छोट्या दिव्यात लिहितेय. आज लिहिलं नाही तर झोप लागणार नाही. तीन दिवस झाले, एक गोष्ट मनातून जात नाहीये. तवसाळच्या धक्क्यावर मी 'नाही' म्हटलं, एवढंच झालंय. कुणाचं काही बिघडलं नाही, कुणी दुखावलं नाही. तरी जेवताना आठवतं, गाडीत मागे पडून राहिले की आठवतं, आणि आठवलं की कान गरम होतात.

जेटी, म्हणजे गाड्या खाडीपार नेणारी बोट, पलीकडच्या काठाला होती. आमची व्हॅन रांगेत तिसरी. पुण्याहून निघाल्यापासून ही चौथी खाडी. दिघीला राजपुरीची, वेसवीला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, आणि आता ही शास्त्री. जंगलजेटीची वाट बघायची मला एव्हाना सवय झाली होती, आवडायलाही लागलं होतं. इंजिन बंद करायचं, मागचं दार उघडायचं, शेगडीवर चहा टाकायचा. बाणकोटला खाडीत उभे असलेले त्या अर्धवट पुलाचे खांब बघताना वाटलंही होतं, की मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासून ऐकत आलोय तो रेवस-रेड्डी रस्ता एकदाचा सलग झाला, सगळ्या खाड्यांवर पूल आले, की गाड्या भर्रकन निघून जातील आणि या धक्क्यांवर कुणी कुणाशी बोलणार नाही. तेव्हा मला त्याचं वाईट वाटलं होतं. तवसाळला मात्र वाटलं, पूल असता तर बरं झालं असतं.

ती म्हातारी शेडच्या सावलीत बसली होती. पुढ्यात गोणपाटावर सोललेले नारळ, सुपारी, दोन-तीन बाटल्या कोकमाच्या. मी चहा घेऊन खाली उतरले तशी तिनं विचारलं, "काय गो, कुणाकडे उतरलीस?"

कुणाकडेच नाही, म्हटलं. गाडीतच झोपतो आम्ही. तिला ते बघायचं होतं. गुडघ्यावर हात टेकून उठली, दारातून आत वाकली. गादी, शेगडी, पाण्याची टाकी, खिडक्यांचे पडदे, सगळं नीट बघितलं. पडद्याचं कापड दोन बोटांत धरून पाहिलं. "म्हणजे विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर होय," म्हणाली. चांगल्या मनानं म्हणाली. तिला गाडी आवडली होती.

मग नाव विचारलं. मी आडनावासकट सांगितलं, सवयीनं. ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे फणसाकडची?"

मी म्हटलं, "नाही. आम्ही पुण्याचे."

का म्हटलं?

आदल्या रात्री आम्ही वेळणेश्वरच्या किनाऱ्याशी गाडी लावून झोपलो होतो. त्याच्या आधी, पालशेत गेलं, अडूर गेलं, आणि आमच्या गावच्या घराकडे जाणारा फाटा आला, तेव्हा नवऱ्यानं न विचारता इंडिकेटर लावला होता. गाडी हळू केली आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आत गाडी जाणार नाही, दोन्ही बाजूंनी दगडी गडगे आहेत. ते खरंच आहे. तिथे रिक्षा आली तर माणसाला गडग्याला चिकटून उभं राहावं लागतं, ही व्हॅन कुठून शिरणार? पण चालत वीस मिनिटं लागतात. आईबरोबर मी एस.टी.तून उतरून तिथूनच चालत जायचे, हातात वळकटी. नवरा काही बोलला नाही. इंडिकेटर टिकटिकत राहिला, मग त्यानं बंद केला.

किल्ली दादाकडे आहे. मागितली असती तर त्यानं दिली असती. वहिनीनं काही विचारलंही नसतं. म्हणजे अडवलं कुणीच नव्हतं. हेच मला खुपतंय. भांडण असतं तर त्याच्या आड लपता आलं असतं. आबांच्या वेळचं जे काही होतं ते आबांबरोबर गेलं. आता नुसतं कुलूप आहे, आणि कुलूप काही माझ्यावर रागावलेलं नाही.

त्या रात्री मी खूप रडले, हे इथे लिहून ठेवते. गाडीत रडायला जागा नसते. नवरा हाताच्या अंतरावर झोपलेला, गाडी हलली तर त्याला जाग येणार. बाहेर जाऊन वाळूत बसले. समोर वेळणेश्वरचं देऊळ, ज्याच्या नावानं आमच्या घरी दर सोमवारी फुलं वाहिली जायची. आणि मी त्याच्या दारात भाड्याच्या गाडीतून येऊन सार्वजनिक नळावर तोंड धुणार. चार किलोमीटरवर माझ्या पणजोबांनी चिरा चिरा लावून बांधलेलं घर, त्यात सात खोल्या, आणि मला झोपायला जागा नाही. असं वाटलं. असंच्या असं वाटलं. आता लिहिताना त्यातलं निम्मं खोटं आहे हे दिसतंय, कारण जागा होती, मीच गेले नाही. पण तेव्हा वाटलं ते खोटं नव्हतं.

'उतरणं' हा शब्द मी तीन दिवस घोळवतेय. गाडीतून उतरणं तेच आणि कुणाकडे राहणंही तेच. आपल्याकडे प्रवासाला निघालेल्या माणसाला 'कुठे राहणार' असं विचारत नाहीत, 'कुणाकडे उतरणार' असं विचारतात. म्हणजे कुणीतरी असणार हे गृहीतच. आई पंढरपूरला गेली तरी कुणाकडे तरी उतरायची, ती माणसं कोण होती हे मला अजून माहीत नाही. आणि मी या किनाऱ्यावरून अकरा दिवस चाललेय. दोन रात्री गाडीत, तिसऱ्या रात्री अशा एखाद्या हॉस्टेलमध्ये, अंघोळ, कपडे आणि बॅटरी चार्ज करण्यापुरती. कुठेच उतरलेले नाही. गाडीत होते किंवा सहाशे रुपयांच्या बेडवर होते.

हॉस्टेलांबद्दल मात्र वाईट लिहिणार नाही. मला ती आवडतात. इथे सगळे विचारतात, कुठून आलात? त्याला पुणे म्हटलं की पुरतं. खालची मुलगी कोट्टायमची आहे, एकटी फिरतेय, सिंधुदुर्ग बघून आली. १६६४ मध्ये भर समुद्रात पाया घातला कसा, शिसं ओतलं म्हणजे नक्की काय केलं, हे मला जेवताना विचारत होती. मला जेवढं येत होतं तेवढं सांगितलं. तिनं मला आपल्या डब्यातली केळ्याची वेफर्स दिली. आमचं आडनाव काय, कोणत्या घरातलं, हे तिला कळण्याचं काही कारणच नाही. किती हलकं वाटतं अशा बोलण्यात. आणि तरी तीन दिवस मी त्या म्हातारीच्याच प्रश्नाला उत्तर देत बसलेय, हिच्या नाही.

नारळाचं राहिलं.

मी 'नाही' म्हटल्यावर ती काही बोलली नाही. पुन्हा सावलीत जाऊन बसली. जेटी लागली, फळी पडली, गाड्या चढायला लागल्या, शिट्टी झाली. नवरा गाडी पुढे घेत होता आणि मी पायी चालत होते, तेव्हा तिनं हाक मारली आणि गोणपाटावरचा एक नारळ उचलून माझ्या हातात दिला. मी पैसे काढायला लागले तर हात मागे घेतला. "राहू दे. घरचाच आहे," म्हणाली.

मला वाटलं, तिच्या घरचा.

तो नारळ तेव्हापासून चालकाच्या सीटमागे आहे. शेंडी ठेवून सोललेला, एका बाजूला किंचित काळपट डाग. आरे-वारेच्या वळणांवर तो गडगडत डावीकडून उजवीकडे गेला, आंबोळगडच्या उतारावर पुढे आला, विजयदुर्गापाशी दारावर आपटला. प्रत्येक वेळी नवरा म्हणाला, अगं फोडून टाक, खोबरं खाऊ. प्रत्येक वेळी मी म्हटलं, कोयता नाहीये. देवगडला कोयता मिळाला असता. दगडही चालतो.

आज संध्याकाळी इथे पोचल्यावर दादाला फोन केला. वाढदिवस होऊन गेला होता त्याचा, ते निमित्त. बोलता बोलता विचारलं, आपल्या माडांचे नारळ हल्ली कोण पाडतं? तो म्हणाला, पाडेली येतो दोन-तीन महिन्यांनी, आणि हिशेब ठेवतात आपल्या खालच्या आळीतल्या काकू. निम्मे त्यांनी घ्यायचे, निम्म्याचे पैसे आपल्याला. "धक्क्यावर बसतात विकायला. का गं?"

मी म्हटलं, सहज.

मग दादाच सांगत बसला. काकू सगळ्यांना ओळखतात. मागे त्याचा मोठा मुलगा मित्रांबरोबर तिकडून गेला, टोपी-गॉगल घालून, तरी त्याला हाक मारून म्हणाल्या, आजोबांसारखा चालतोस. "तू गेलीस तर तुला तर चेहऱ्यावरूनच ओळखतील. आईच आहेस तू."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खालच्या अंगणात बसून राहिले. वाळत घातलेले टॉवेल, कुणाच्या तरी गिटारचा आवाज. आधी लाज वाटली, पुन्हा कान गरम झाले. माहीत असून विचारलं तिनं. माहीत असून माझं 'नाही' ऐकून घेतलं. मग हळूहळू वेगळंच वाटायला लागलं, त्याला नेमकं काय म्हणावं कळत नाही. तिनं मला खोटं पाडलं नाही. खोटं बोललीस म्हणून रिकाम्या हातानंही पाठवलं नाही. माहेरवाशिणीला निघताना देतात तसं काहीतरी हातात दिलं, आणि तेही मला अवघड होणार नाही अशा बेतानं. मी कुणाकडे उतरले नाही हे खरं. पण दहा मिनिटं का होईना, त्या शेडच्या सावलीत माझी कुणीतरी विचारपूस केली होती, आणि मी ती पाहुणी म्हणून नाही तर घरची म्हणून घेऊन आलेय.

आईबद्दल आज लिहिणार नाही.

उद्या वेंगुर्ला, मग शिरोडा, रेडी. रविवारी गाडी परत द्यायची आहे. नवरा म्हणतोय, परत जाताना किनारा नको, महामार्गानं सुटू, वेळ वाचेल. मी अजून काही बोललेले नाही. जयगडहून शेवटची जेटी किती वाजता सुटते हे खाली काउंटरवरच्या मुलाला विचारलं, त्याला माहीत नव्हतं. सकाळी फोन करून बघते.

झोपायच्या आधी खाली जाऊन व्हॅन उघडली आणि नारळ काढून टॉवेलमध्ये गुंडाळून भांड्यांच्या कप्प्यात ठेवला. वळणावर आपटायला नको.